सर्व्हर घ्यायचाय: मागच्या पिढीचा की नुकताच आलेला? (जळगाव-धरणगाव)

मेहरूणकाठ

नमस्कार मंडळी. आमची जळगाव एमआयडीसीत डाळमिल आहे आणि धरणगावला जिनिंग. दोन्हीकडचे हिशेब, काट्याच्या पावत्या, स्टॉक, सगळं एमआयडीसीतल्या एकाच सर्व्हरवर चालतं. टॅली प्राइम आहे, शिवाय इथल्याच एका मुलाने बनवून दिलेलं खरेदी-विक्रीचं सॉफ्टवेअर आहे, त्याचा डेटा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये. सीझनमध्ये पंचवीसेक जण एका वेळी काम करतात. धरणगावची मंडळी रिमोट डेस्कटॉपने (तिथे बसूनच इथल्या सर्व्हरवर काम करत) जोडलेली असतात.

मशीन जुनं झालंय आणि त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. यंदा सीए साहेबांनी ऑडिटमध्ये नेमकं त्यावर बोट ठेवलं. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की कोणाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून त्याआधी बदल उरकायचाय.

दोन कोटेशन आलीत. पहिल्यात इंटेलची झिऑन सिल्व्हर ४३१४ ही चिप आहे, सोळा कोअर (एका चिपमधले स्वतंत्र काम करणारे भाग), ६४ जीबी डीडीआर-४ मेमरी. ही २०२१ मध्ये आलेली पिढी. डीलर म्हणतो, हे मशीन सगळीकडे चालतंय, डोळे झाकून घ्या. दुसऱ्यात यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, फेब्रुवारीत आलेली झिऑन ६ मालिकेतली चिप आहे, डीडीआर-५ या नव्या मेमरीसकट. तो डीलर म्हणतो, चार वर्षांपूर्वीची चिप आज घेतली तर लवकरच परत खिशात हात घालावा लागेल. किमतीतला फरक आम्हाला झेपेल. प्रश्न पैशांपेक्षा सीझनमध्ये काम अडू नये याचा आहे. आप्पा म्हणतात चाललेलं घ्या, धाकटा भाऊ म्हणतो घ्यायचंच तर नवं घ्या. आपल्या भागात ज्यांनी सर्व्हर सांभाळलेत त्यांचं मत हवंय.

आग्रारोड_धुळे

तुमना प्रश्न बराबर शे भाऊ. पण दोन्ही डीलरनी एक गोष्ट सांगितली नाही: बिघडल्यावर पार्ट कुठून येणार.

मी धुळे, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार या पट्ट्यात सर्व्हर-नेटवर्कची कामं करतो. मुंबई-पुण्यात बोर्ड गेला तर पार्टचं गोदाम शहरातच असतं. आपल्याकडे बहुतेक वेळा इंजिनिअर नाशिकहून किंवा संभाजीनगरहून येतो आणि पार्ट मुंबईहून निघतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, की या मॉडेलचा मदरबोर्ड, रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं) आणि पॉवर सप्लाय आज भारतात कोणत्या गोदामात ठेवलेला आहे?

शिरपूरच्या एका कारखान्याने अगदी ताजं मॉडेल घेतलं होतं, बाजारात येऊन जेमतेम दोन-तीन महिने झालेलं. उन्हाळ्यात बोर्ड गेला. वॉरंटीत ‘पुढच्या कामाच्या दिवशी जागेवर सेवा’ लिहिलेलं होतं. इंजिनिअर दुसऱ्या दिवशी खरोखर आला, जुना बोर्ड सोडवून टेबलावर ठेवला, पण बसवायला नवा बोर्डच नाही. देशातल्या साठ्यात त्या मॉडेलचा एकही नव्हता. बाहेरून यायला आठवडा उलटून गेला. तोवर गेटवर गाड्यांची रांग आणि पावत्या हाताने. त्याच कारखान्यात त्याच कंपनीचा चार वर्षांचा सर्व्हर आहे. त्याचा पॉवर सप्लाय गेला तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी नवा बसला होता. वॉरंटी दोन्हींची सारखीच होती.

तेव्हा कोटेशनवर एमआयडीसीचा पिनकोड घालून सेवेची पातळी लेखी मागा. चार तासांच्या सेवेच्या गप्पा कोणी मारल्या तर ती आपल्या पिनकोडला मिळते का हे कंपनीच्या मेलवरून येऊ द्या, डीलरच्या तोंडून नको.

केळीपट्टा

आग्रारोड दादांशी शंभर टक्के सहमत. मी रावेर तालुक्यात केळीच्या पॅकहाउसचं आणि रायपनिंग चेंबरचं काम बघतो. आमचा अनुभव उन्हाचा आहे.

बहुतेक सर्व्हरना आत ओढली जाणारी हवा १० ते ३५ अंशांपर्यंत चालते. मे महिन्यात रावेर-भुसावळकडे बाहेरच ४४-४५ असतं. लाइट गेली, जनरेटरवर सर्व्हर चालला पण एसी जनरेटरला जोडलेला नाही, ही परिस्थिती आपल्याकडे नेहमीची. बंद खोली बघता बघता तापते. नव्या पिढ्यांची तहान वाढत चाललीय हेही खरं. २०१७ च्या झिऑनमध्ये सगळ्यात वरची चिप २०५ वॅटची होती, झिऑन ६ च्या थोरल्या मालिकेत ती ५०० वॅटपर्यंत गेलीय. तुम्ही एवढी मोठी घेणार नाही हे मान्य, पण कोणतीही घ्या, वॅटचा आकडा विचारल्याशिवाय घेऊ नका आणि एसीची लाइन जनरेटरवर आणा.

सातपुडा_पायथा

मूळचा चोपड्याचा, सध्या पुण्यात एका डेटा सेंटरमध्ये आहे. पार्टचा आणि उष्णतेचा मुद्दा वर चांगला आलाय. नव्या पिढीत नेमकं काय कच्चं असतं, ते मी जरा सविस्तर लिहितो, कारण ‘नवीन म्हणजे भरवशाचं नाही’ एवढं म्हणून भागत नाही.

सर्व्हर ही एक वस्तू नाही. चिप वेगळी, बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) वेगळा, मशीन बंद असतानाही दुरून सांभाळणारा तो छोटा कंट्रोलर (डेलचा आयड्रॅक, एचपीईचा आयएलओ) वेगळा, रेड कार्ड, नेटवर्क कार्ड, डिस्क यांचे फर्मवेअर (त्या त्या भागात भरलेलं सॉफ्टवेअर) वेगळे. प्रत्येक तुकडा प्रयोगशाळेत तपासलेला असतो, पण हे सगळं एकत्र, तुमच्या विंडोजच्या आवृत्तीवर, तुमच्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरसोबत चाललेलं नसतं. ती तपासणी पहिल्या वर्षातलं गिऱ्हाईक करतं.

इतिहासात डोकावा. २००७ मध्ये एएमडीचा चार कोअरचा ऑप्टेरॉन आला, ‘बार्सिलोना’. त्याच्या टीएलबीमध्ये (मेमरीचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या भागात) दोष निघाला. बायोसमधून तो टाळता यायचा, पण मशीन हळू व्हायचं. दुरुस्त केलेली चिप यायला २००८ उजाडलं. इंटेलने जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज आणला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला जाहीर केलं, की सोबतच्या चिपसेटमधले काही साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) वापरता वापरता खराब होऊ शकतात. चिपसेट बदलून द्यावे लागले. पहिल्या महिन्यात ज्यांनी घेतलं त्यांच्या घरी ते बोर्ड जाऊन बसले होते.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. इंटेलचा ॲटम सी२००० हा प्रोसेसर २०१३ मध्ये आला, कितीतरी नेटवर्क उपकरणांत आणि एनएएसमध्ये (नेटवर्कवर फाइल साठवणाऱ्या मशीनमध्ये) बसला, आणि त्याच्या क्लॉकच्या सिग्नलमध्ये हळूहळू बिघाड होऊन मशीन उठतच नाही, हे जगाला २०१७ मध्ये कळलं. एएमडीचा दुसऱ्या पिढीचा ईपिक हा सर्व्हरचा प्रोसेसर २०१९ चा. शेवटच्या रीसेटनंतर साधारण १०४४ दिवसांनी त्याचा कोअर अडकू शकतो, हे २०२३ मध्ये कागदावर आलं. उपाय सोपा आहे, त्याआधी रीबूट करा किंवा बायोसमधली एक झोपेची अवस्था बंद ठेवा. पण ज्याने चार वर्षांत बुलेटिनच वाचलं नाही, त्याच्या दृष्टीने ते ‘मुरलेलं’ मशीन एके दिवशी काही न सांगता थांबलं असतं.

त्यामुळे माझी ठाम भूमिका अशी: बाजारात येऊन वर्ष-दीड वर्ष झालेली आणि अजून कंपनी विकत असलेली पिढी घ्यावी. पहिल्या वर्षातले मोठे दोष तोवर वर आलेले असतात, पार्ट गोदामात पोचलेले असतात, आणि पुढची पाच वर्षं फर्मवेअर येत राहणार असतं.

हे घरबसल्या तपासता येतं. कंपनीच्या सपोर्टच्या पानावर मॉडेल टाका, बायोसच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या उघडा आणि प्रत्येकीत काय दुरुस्त केलंय ते वाचा. ‘सुरू होताना अडकणे’, ‘मेमरी न ओळखणे’, ‘रेड कार्ड गायब होणे’ अशा ओळी महिन्या-दोन महिन्यांनी येत असतील तर ते मशीन अजून शिजतंय. त्या विरळ होऊन नुसत्या सुरक्षा दुरुस्त्या उरल्या असतील तर ते तयार आहे. मी कोणतंही मॉडेल घेण्याआधी हे पान वाचतो. माहितीपत्रक नंतर.

गिरणाकाठ

मी चाळीसगावला एका हॉस्पिटलचं आयटी बघते. सातपुडा दादांनी शेवटी लिहिलेला मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘सगळीकडे चालतंय’ हे ऐकून माणूस सैलावतो आणि पुढे फर्मवेअरकडे ढुंकून बघत नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने एक सूचना काढली होती. त्यांच्या काही सॅस एसएसडी (सर्व्हरमध्ये वापरायच्या एका प्रकारच्या डिस्क) ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतात आणि डेटाही जातो. हिशेब केला तर ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. आकडा बघूनच कळतं, दोनचा पंधरावा घात, फर्मवेअरमधला मोजणारा आकडा तिथे भरून वाहतो. पुढे मार्च २०२० मध्ये काही वेगळ्या मॉडेलसाठी ४०,००० तासांची तशीच सूचना आली. आता विचार करा, रेडमधल्या सगळ्या डिस्क एकाच दिवशी चालू केलेल्या असतात. एक गेली तर दुसरी सांभाळेल हा रेडचा सगळा भरवसा, आणि इथे सगळ्या एकाच तासाला जाणार. फर्मवेअर वेळेत टाकणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. म्हणून मेहरूणकाठ भाऊ, जुनं घ्या की नवं, दर तिमाहीला कंपनीच्या सूचना वाचून फर्मवेअर टाकणारा माणूस कोण, हे आधी ठरवा. तो ठरला नसेल तर दोन्हींपैकी कोणतंही मशीन सुरक्षित नाही.

दुसरं, तुमचं सॉफ्टवेअर कोणत्या विंडोजवर चालतं ते तपासलंत का? आमच्याकडे एक्स-रे आणि सीटीच्या चित्रांचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या कंपनीने विंडोज सर्व्हर २०१९ च्या पुढे हमी द्यायला नकार दिला. अगदी नव्या मशिनवर जुन्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळतीलच असं नसतं. सर्व्हर कंपनीची सुसंगत प्रणालींची यादी असते, त्यात आपली विंडोज आहे का ते बघायचं. शिवाय बऱ्याच नव्या मशिनवर फक्त यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) राहिलंय, जुन्या पद्धतीचा बूट नाही. तुमच्या २०१२ आर२ ची अख्खी इमेज उचलून नव्या मशिनवर टाकायचा कोणाचा विचार असेल तर तो तिथेच अडेल.

मेहरूणकाठ

सर्वांचे आभार. गिरणाकाठ ताई, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मुलाला विचारलं. विंडोज सर्व्हर २०२२ वर त्याने एका दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे चालवलंय, २०२५ वर अजून नाही. फर्मवेअरसाठी आमच्याकडे कोणी नेमलेलं नाही, हे मात्र खरं. एक जण महिन्याला येतो, तो प्रिंटर आणि इंटरनेट बघून जातो.

सातपुडा दादा, तुमच्या नियमाने बघितलं तर पहिलं कोटेशन जास्त जुनं आणि दुसरं जास्त नवं ठरतं. मग मधलं काय?

अमळनेर_हिशेब

मधल्याकडे जाण्याआधी मला एक सांगा, सोळा कोअर तुम्हाला कोणी सांगितले?

मी अमळनेर-पारोळा भागात टॅलीची आणि बिलिंगची कामं करतो. पंचवीस लोक म्हटलं की डीलर लगेच दोन सॉकेटच्या (दोन चिप बसणाऱ्या) मशीनवर जातात. टॅलीला एका कोअरचा वेग आणि डिस्कचा वेग लागतो. सिल्व्हर ४३१४ चा एक कोअर जास्तीत जास्त ३.४ गिगाहर्ट्झला जातो. छोट्या सर्व्हरसाठीच्या झिऑन ई-२४०० मालिकेत ई-२४८८ हा आठ कोअरचा आहे आणि तो ५.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ९५ वॅटमध्ये. तुमच्या मुनीमजींना व्हाउचर सेव्ह करताना आणि मोठा लेजर उघडताना जो फरक जाणवेल तो या दुसऱ्यात जाणवेल. मालिका डिसेंबर २०२३ ची, म्हणजे सातपुडांच्या वर्ष-दीड वर्षात बसते.

लायसन्सचंही बघून घ्या. विंडोज सर्व्हर स्टँडर्डला कमीत कमी सोळा कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं, चिप आठ कोअरची असली तरी. त्यात दोन व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरच्या आत वेगवेगळी चालणारी) चालवता येतात. एकात टॅली आणि रिमोट डेस्कटॉप, दुसऱ्यात एसक्यूएल. पण रिमोट डेस्कटॉपने येणाऱ्या प्रत्येकासाठी आरडीएसचं वेगळं कॅल (रिमोट डेस्कटॉप वापरायचा परवाना) लागतं. दोन्ही कोटेशनमध्ये ते धरलंय का ते बघा. बहुधा नसेल. चिप मागच्या पिढीची की पुढच्या पिढीची, यातल्या फरकापेक्षा या राहून गेलेल्या ओळीचा खर्च मोठा निघतो असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

सातपुडा_पायथा

अमळनेरकरांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. मी प्रश्नाच्या चौकटीतच उत्तर देत बसलो होतो, त्यांनी चौकटच तपासली.

एक भर घालतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘झिऑन ६३००’ नावाची छोटी मालिकाही आलीय. नाव ऐकून ती झिऑन ६ चीच धाकटी बहीण वाटते. पण आत बघाल तर ती ई-२४०० च्याच जातकुळीची आहे, तीच रॅप्टर लेक नावाची रचना, तोच सॉकेट, आठपर्यंत कोअर. म्हणजे नाव नवं आणि चिप बरीचशी ओळखीची. उलट एएमडीचा ईपिक ४००५, मे २०२५ मध्ये आलेला, त्यात कोअरची रचना खरोखर नवी आहे, झेन ५. मात्र त्याचा सॉकेट आधीच्या ईपिक ४००४ चाच. तेव्हा कोटेशनवर चिपचं नाव दिसलं की ‘ही कधी आली’ याबरोबर ‘हिचा बोर्ड, चिपसेट आणि मेमरी कधीपासून बाजारात आहेत’ हेही विचारा. नवेपणा प्रत्येक भागाचा वेगळा मोजावा लागतो.

वेचणी

जिनिंगवाला म्हणून लिहितो, माझं जिनिंग बोदवडकडे आहे. धरणगावला सर्व्हर ठेवायचा विचार चुकूनही करू नका. आमच्या ऑफिसमधल्या एका मशीनची पुढची जाळी सीझनमध्ये काढली तर तिच्यावर तंतूंचा पातळ पापुद्रा धरलेला असतो, नखाने कड उचलली की अख्खा सुटून हातात येतो. तेवढा दिसतो म्हणून साफ होतो. त्यातून सुटलेला तंतू आत हीटसिंकच्या पात्यांमध्ये जाऊन बसतो, तिथे तेलकट धुळीशी मिळून घट्ट होतो, आणि पंखा जोरात फिरतोय पण हवा जात नाही अशी अवस्था येते. चिप कोणत्याही पिढीची असो, हे मरण सारखंच.

प्रेसची मोटर चालू होताना व्होल्टेज जे खाली बसतं त्याचाही विचार करा. सर्व्हरला ऑनलाइन (सतत स्थिर वीज देणारा) यूपीएसच हवा, घरचा इन्व्हर्टर नको. आणि अर्थिंग उन्हाळ्यात मोजून घ्या. जमीन कोरडी पडली की रोध वाढतो, पावसाळ्यात मोजलेला आकडा मेमध्ये खरा नसतो.

तापी_पूर्णा

एवढा खर्च करण्यापेक्षा मुंबईला लॅमिंग्टन रोडला चार-पाच वर्षं वापरलेले दोन सॉकेटचे सर्व्हर फार स्वस्त मिळतात. दोन घ्यायचे, एक बिघडला तर दुसरा. आमच्याकडे तसेच चालतात.

आग्रारोड_धुळे

तापी_पूर्णा, दोन मशीन ठेवायची कल्पना मला मनापासून आवडते. पण मुख्य कामाला वापरलेलं मशीन मी सुचवणार नाही. सिरियल नंबरवरून वॉरंटी कोणाच्या नावावर आहे ते बघा, बहुतेक वेळा संपलेली असते. काही कंपन्या वॉरंटी किंवा करार नसेल तर फर्मवेअरही उतरवू देत नाहीत, मग गिरणाकाठ ताईंनी लिहिलेला सगळा उपाय हातातून जातो. डिस्क किती तास फिरल्यात तेही कळायला हवं.

बॅकअप ठेवायला किंवा काही शिकायला असं मशीन उत्तम. तेवढ्यासाठी घ्या.

गिरणाकाठ

बॅकअपवरून आठवलं. मेहरूणकाठ भाऊ, तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ऑगस्ट २०२२ मध्ये बदललेल्या नियमाप्रमाणे हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. त्याआधी नियतकालिक बॅकअप पुरत असे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. दुसरं मशीन त्यासाठीही उपयोगी पडेल. भागीदारी फर्म असेल तर ही सक्ती नाही, पण सवय चांगलीच.

तापी_पूर्णा

पटलं. फर्मवेअर उतरवू न देण्याचं माहीत नव्हतं, आजच बघतो.

दोंडाईचा_तिखट

छान चर्चा, वाचनखूण साठवलीय. एक विचारायचं होतं. मागच्या पिढीचं घेतलं तर निदान रॅम तरी स्वस्त पडते ना? नंतर वाढवता येईल.

सातपुडा_पायथा

हे गणित यंदा उलटलंय. सॅमसंग, मायक्रॉन वगैरे कंपन्यांनी डीडीआर-४ चं उत्पादन आवरतं घ्यायला सुरुवात केली आणि २०२५ मध्ये तिचे भाव चढले. डीडीआर-४ चं मशीन घेणार असाल तर लागणारी सगळी रॅम खरेदीच्याच दिवशी भरा. डीडीआर-५ ची पट्टी त्यात बसत नाही आणि पुढे जुन्या पट्ट्या शोधत फिरावं लागेल.

आणखी एक बारीक गोष्ट. छोट्या सर्व्हरमध्ये (ई-२३००, ई-२४००) ईसीसी यूडीआयएमएम प्रकारची रॅम लागते, मोठ्यांत आरडीआयएमएम प्रकारची. दोन्ही दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आणि सिल्व्हर ४३१४ सारख्या चिपला मेमरीच्या आठ वाटा (चॅनल) असतात. कोटेशनमध्ये ६४ जीबी म्हणून ३२ च्या दोन पट्ट्या दिल्या असतील तर आठपैकी दोनच वाटा चालतील. ८ जीबीच्या आठ दिल्या तर सगळ्या. कोटेशनवर नुसता ‘६४ जीबी’ हा आकडा पुरेसा नाही, पट्ट्या किती ते लिहून घ्या.

मेहरूणकाठ

कोटेशन काढून बघितलं. पहिल्यात ३२ च्या दोनच पट्ट्या आहेत. आरडीएसची कॅल दोन्हींमध्ये नाहीत. दुसऱ्या डीलरला पार्टचं विचारलं तर ‘कंपनी बघेल’ म्हणाला. पहिल्याने मात्र कंपनीकडून मेल आणून दाखवला, त्यात एमआयडीसीचा पिनकोड ‘पुढच्या कामाच्या दिवशी’च्या सेवेत आहे, धरणगावचा नाही.

भावाशी आणि आप्पांशी बसून बोललो. आता असं ठरतंय. ई-२४०० चा एक टॉवर (उभा ठेवायचा सर्व्हर), आठ कोअर, ३२ च्या दोन पट्ट्या (इथे दोनच वाटा आहेत, त्यामुळे पुरेशा), दोन पॉवर सप्लाय, वॉरंटी तीनऐवजी पाच वर्षांची. विंडोज सर्व्हर २०२२, म्हणजे तो मुलगा हमी देईल आणि सपोर्ट ऑक्टोबर २०३१ पर्यंत राहील. सर्व्हर जळगावलाच. वाचलेल्या पैशांत याच मालिकेचा दुसरा लहान टॉवर, त्यावर रोजचा बॅकअप आणि गरज पडली तर काम चालू ठेवायची सोय. पहिला डीलर हे द्यायला तयार आहे. आप्पांना ‘दीड वर्षापासून चालतंय’ हे पटलं, भावाला डीडीआर-५ मिळालं.

दुसऱ्या टॉवरवर टॅली आणि एसक्यूएल तयार ठेवायचे असतील तर वेगळं लायसन्स लागेल का?

अमळनेर_हिशेब

विंडोजचं लागेल. पहिल्या मशीनची प्रत दुसऱ्यावर चालू अवस्थेत ठेवायची असेल तर दुसऱ्या मशीनलाही विंडोज सर्व्हरचं लायसन्स हवं. पहिल्यावर सॉफ्टवेअर ॲश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा लायसन्ससोबतचा जादा करार) घेतलेलं असेल तर आपत्तीसाठी ठेवलेल्या प्रतीला सवलत मिळते. नुसत्या बॅकअपच्या फाइल ठेवायच्या असतील तर दुसऱ्यावर लिनक्स टाका, काम भागेल. टॅलीचं सिरियल दुसरीकडे हलवता येतं, पण आधी पहिल्या मशीनवरून सरेंडर करावं लागतं. पहिलं मशीनच मेलेलं असेल तर काय करायचं ते तुमच्या टॅलीवाल्याकडून आत्ताच समजून घ्या, सीझनमध्ये नको.

आग्रारोड_धुळे

चांगलं ठरवलंत भाऊ. मशीन आल्यावर लगेच डेटा चढवू नका. आधी बायोस, रेड कार्ड, डिस्क आणि दुरून सांभाळणारा कंट्रोलर, सगळ्यांचं फर्मवेअर कंपनीच्या ताज्या एकत्रित संचावर आणा. कोणता भाग कोणत्या आवृत्तीवर आहे ते एका कागदावर लिहून मशीनच्या आत दारावर चिकटवा. मग मेमरीची चाचणी दोन दिवस लावून ठेवा. त्यानंतर मशीन चालू असतानाच एक पॉवर सप्लाय काढून बघा, एक डिस्क काढून परत लावून बघा, आणि मेलवर इशारा येतो का ते बघा. इशारा आला नाही तर ती सेटिंग करूनच घ्या, कारण रेडमधली एक डिस्क गेल्याचं कोणाला कळलंच नाही आणि दुसरी गेल्यावर धावपळ झाली, हे मी आपल्या पट्ट्यात फार ठिकाणी बघितलंय.

फर्मवेअरचं काम कोणाला द्यायचं ते ठरलं नसेल तर जळगावात गोलाणी मार्केटमध्ये सर्व्हरची कामं करणारे आहेत का ते विचारा आणि तिमाहीचा लेखी करार करा. दसऱ्याआधी एक रविवार राखून ठेवा, जुन्यावरून नव्यावर जायला. तो रविवार महिनाअखेरीचा नको. आणि जुनं मशीन कापूस संपेपर्यंत, मार्चपर्यंत, तसंच राहू द्या, फक्त इंटरनेटपासून तोडून.